आठ फाइव्ह-स्टार, सात पराभव: टेक्सास ए अँड एमचं 2022 चं प्रकरण

11 नोव्हेंबर 2023 च्या शनिवारी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने मिसिसिपी स्टेटचा 51-10 असा फडशा पाडला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना नारळ दिला. एवढा दणदणीत सामना जिंकून प्रशिक्षक चोवीस तासांत घरी जातो हे विचित्रच. त्याहून विचित्र म्हणजे त्यांना घरी बसवण्याची किंमत होती सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सहाशे कोटी रुपयांच्या वर. त्याआधीचा असा विक्रम ऑबर्न विद्यापीठाच्या नावावर होता. त्यांनी 2020 मध्ये गस मालझान यांना काढताना साधारण 2 कोटी 14 लाख डॉलर मोजले होते आणि तेव्हा तोच आकडा लोकांना अश्लील वाटला होता. ए अँड एमने तो साडेतीन पट केला.

हा पैसा एका प्रश्नावर वैतागून ओतला गेला होता. देशातली सर्वांत गुणी पोरं आमच्याकडे आहेत, मग आम्ही हरतो का?

अमेरिकेत हा प्रश्न दर हंगामात कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाला छळतो. टेक्सास विद्यापीठ जानेवारी 2010 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळलं आणि त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात 5-7 वर, म्हणजे पाच विजय आणि सात पराभवांवर, आलं. दक्षिण कॅलिफोर्नियाचा संघ 2012 च्या सुरुवातीला देशात पहिल्या क्रमांकावर होता; संपला 7-6 वर. पण या रोगाचा नमुना म्हणून एकच केस बघायची असेल तर मी 2022 चं ए अँड एम निवडतो. त्या वर्षी त्यांनी भरती केलेली तुकडी क्रमवारीच्या इतिहासातली सर्वोत्तम ठरली होती आणि त्याच वर्षी संघाने जिंकले पाच सामने, हरले सात.

भरती म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की सॉकर, म्हणून चार ओळी. अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक लीग, म्हणजे एनएफएल, शाळेतून थेट मुलं घेत नाही. शाळा संपून किमान तीन वर्षं व्हावी लागतात. मधली वर्षं कॉलेजात खेळायचं. त्यामुळे कॉलेज फुटबॉल हीच खरी रोपवाटिका, आणि तिचा धंदा अब्जावधी डॉलरचा. प्रत्येक मोठं विद्यापीठ शिष्यवृत्तीवर पंच्याऐंशी खेळाडू ठेवू शकत असे (2025 पासून नियम बदलले). दरवर्षी वीस-पंचवीस नवी मुलं घ्यायची. त्यांच्यासाठी प्रशिक्षक गावोगाव फिरतात, मुलाच्या घरी जाऊन आई-आजीच्या हातचं जेवतात, शाळेच्या प्रशिक्षकाशी वर्षानुवर्षं घरोबा ठेवतात. याला रिक्रूटिंग म्हणतात. चांगला प्रशिक्षक म्हणजे निम्मा सेल्समन, हे तिथे कुणी लपवत नाही.

या मुलांना तारे देणाऱ्या काही कंपन्या आहेत. 247 स्पोर्ट्स ही त्यांतली ठळक. ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या गुणांची सांगड घालून एक संयुक्त क्रमवारी काढते. पाच तारे, म्हणजे फाइव्ह-स्टार, देशभरात जेमतेम तीसेक मुलांना मिळतात. हा आकडा एनएफएलच्या पहिल्या फेरीत निवडल्या जाणाऱ्या बत्तीस खेळाडूंच्या हिशोबाने ठेवलेला. म्हणजे फाइव्ह-स्टार देताना कंपनी म्हणते, हा पोरगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत जाईल असं आम्हाला वाटतं. तीन-चार वर्षांनी! हे वाक्य जरा ध्यानात ठेवा, कारण चाहते ते सोयीस्करपणे विसरतात.

तारे अगदीच थापा नसतात, हेही सांगून टाकतो. बड इलियट नावाच्या पत्रकाराने एक साधा निकष लोकप्रिय केला: गेल्या चार वर्षांत भरती केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं चार किंवा पाच ताऱ्यांची असल्याशिवाय राष्ट्रीय अजिंक्यपद मिळत नाही. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट, क्लेमसन, एलएसयू, मिशिगन, विजेते बघत गेलं तर 2024 च्या हंगामापर्यंत वर्षानुवर्षं हा निकष खरा ठरत आला. घोळ उलट्या बाजूने होतो. निकष पुरा केला की अजिंक्यपदाच्या रांगेत उभं राहता येतं, एवढंच; रांग पुढे सरकेलच असं नाही.

कॉलेज स्टेशनची भूक

टेक्सास ए अँड एम हे कॉलेज स्टेशन नावाच्या गावात. इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायला गेलेली मराठी मुलं तिथे पैशाला पासरी सापडतात, आणि पहिल्याच शरद ऋतूत त्यांना कळतं की शनिवारी सामना असला की गावात गाडी काढायची नसते. काइल फील्ड या मैदानात 1,02,733 लोक मावतात. विद्यार्थी सगळा सामना उभ्याने बघतात, कारण ते स्वतःला संघाचा बारावा खेळाडू मानतात. जुनी लष्करी परंपरा, तेलाच्या पैशावर गब्बर झालेले माजी विद्यार्थी आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाशी पिढीजात खुन्नस. यांना एकच गोष्ट मिळाली नव्हती. शेवटचं राष्ट्रीय अजिंक्यपद 1939 चं. आपल्या परिषदेचं, म्हणजे ज्या गटात विद्यापीठ वर्षभर खेळतं त्या गटाचं, विजेतेपदसुद्धा 1998 नंतर नाही.

2012 मध्ये त्यांनी देशातल्या सर्वांत कठीण अशा साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसईसीत, प्रवेश केला. पहिल्याच वर्षी जॉनी मँझेल नावाच्या अवलियाने अलाबामाला त्यांच्या घरात हरवलं आणि हाइझमन करंडक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा सन्मान, पटकावला. तेव्हापासून गावाला वाटू लागलं की आता फक्त योग्य माणूस हवा.

तो माणूस म्हणून डिसेंबर 2017 मध्ये फिशर आले. दहा वर्षांचा करार, साडेसात कोटी डॉलर, पै न् पैची हमी. फ्लोरिडा स्टेटला त्यांनी 2013 चं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलेलं, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण त्यांच्या बायोडेटात आणखी एक ओळ होती जी कुणी मोठ्याने वाचली नाही. 2017 च्या हंगामाला फ्लोरिडा स्टेटने तिसऱ्या क्रमांकावरून सुरुवात केली होती, भरतीत ते दरवर्षी देशात वरच्या फळीत असत, आणि फिशर तिथून निघाले तेव्हा संघ 5-6 वर होता. पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, जखमी झाला हे खरं. पण गुणी मुलांनी भरलेला संघ एका माणसाच्या दुखापतीने एवढा गडगडतो तेव्हा त्याची चौकशी करायला हवी होती. कॉलेज स्टेशनमध्ये चौकशी झाली नाही. पाटी तयार झाली. विद्यापीठ समूहाचे कुलपती जॉन शार्प यांनी फिशर यांना राष्ट्रीय विजेतेपदाची पाटी भेट दिली. तिच्यावर साल म्हणून नुसतं 20 कोरलेलं होतं, पुढचे दोन आकडे नंतर भरायचे.

2020 मध्ये ते आकडे भरले जातील असं खरंच वाटलं. कोविडच्या त्या तुटक्या हंगामात संघ 9-1 गेला, ऑरेंज बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना जिंकला आणि देशात चौथा आला. त्याआधी प्लेऑफची, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीची, जागा एका क्रमांकाने हुकली होती. मला हा संघ या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो, म्हणून त्याच्याकडे नीट बघू. क्वार्टरबॅक केलन माँड, चौथ्या वर्षाचा, पहिल्या वर्षापासून मैदानावर. त्याच्या पुढची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे आणि धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणारे पाच दांडगे गडी, बहुतेक अनुभवी आणि एकमेकांच्या हालचाली पाठ असलेले. क्रमवारीत तो अलाबामाच्या तोडीचा संघ नव्हता. पण मुरलेला होता.

विद्यापीठाने यातून निष्कर्ष काढला तो वेगळाच. मुरलेला संघ होता असं नाही, फिशर यांच्या हाताला यश आहे असं ठरलं. हंगामाआधी, सप्टेंबर 2021 मध्ये, करार 2031 पर्यंत वाढवला आणि पगार वर्षाला 90 लाख डॉलरच्या पुढे नेला. त्या लाइनमधले चौघे तोवर निघून गेले होते. माँडही गेला होता. त्याच्या जागी आलेला पोरगा दुसऱ्याच सामन्यात पाय मोडून बसला. त्या वर्षी संघाने पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला शेवटच्या क्षणी किक मारून 41-38 असं हरवलं; अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांना त्यांच्या एखाद्या माजी सहायकाने हरवल्याची ती पहिली वेळ. आणि तोच संघ आर्कान्सा, मिसिसिपी स्टेट, ओल मिस, एलएसयू सगळ्यांकडून हरला. 8-4. लोकांच्या लक्षात राहिला तो अलाबामाचा सामना.

ती तुकडी

1 जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमावायची मुभा मिळाली. त्याआधी पैसा टेबलाखालून जायचा. आता जाहिरात करार, देणगीदारांचे गट, सगळं राजरोस. ए अँड एमसारख्या गडगंज माजी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाला हे दिवाळीसारखंच होतं. अलाबामावरचा विजय ताजा, करार नवा, खिसे भरलेले. फेब्रुवारी 2022 मध्ये भरतीचं दार बंद झालं तेव्हा या विद्यापीठाकडे सुमारे तीस मुलांची अशी तुकडी होती की 247 च्या संयुक्त क्रमवारीत तोवरच्या कुठल्याही तुकडीपेक्षा तिचे गुण जास्त भरले. त्यात फाइव्ह-स्टार आठ.

मे महिन्यात सेबन जाहीर कार्यक्रमात म्हणाले की ए अँड एमने प्रत्येक खेळाडू विकत घेतला. दुसऱ्या दिवशी फिशर यांनी पत्रकार परिषद बोलावून आपल्या या जुन्या गुरूची अशी काही हजेरी घेतली की एसईसीला दोघांनाही जाहीर समज द्यावी लागली. महिनाभर चर्चा पैशाचीच. मला त्या भांडणात फारसा रस नाही. पैसा दिला असेल, नसेल. कमी-अधिक सगळेच देत होते. पाहायला हवं होतं ते दुसरंच, आणि ते उघड्यावर होतं: आठ फाइव्ह-स्टार खेळतात कुठे?

चार डिफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे समोरच्या ऑफेन्सिव्ह लाइनला भिडणाऱ्या फळीत: वॉल्टर नोलन, शेमार स्टुअर्ट, लेबियस ओव्हर्टन, गॅब्रिएल ब्राउनलो-डिंडी. दोन वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे: एव्हन स्टुअर्ट आणि ख्रिस मार्शल. एक कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा, डेन्व्हर हॅरिस. एक क्वार्टरबॅक, कॉनर वायगमन. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये शून्य.

तुकडीचे गुण मोजणारं सूत्र मुलं मोजतं, जागा मोजत नाही. चार नामांकित चढाईपटू घेऊन कबड्डीचा संघ उभा केला आणि कोपरारक्षकाची जागा तशीच सोडली तर कागदावर संघ भारी दिसेलच. शिवाय डिफेन्सिव्ह लाइन ही अशी जागा आहे जिथे अठरा वर्षांच्या मुलाला बावीस वर्षांच्या, चार वर्षं वजनं उचललेल्या माणसाशी छातीला छाती भिडवून उभं राहावं लागतं. कॉर्नरबॅक किंवा रिसीव्हर अठराव्या वर्षी नुसत्या वेगावर तरून जाऊ शकतो. लाइनमध्ये हाडं पिकावी लागतात. त्या हंगामात या संघाविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांनी नुसतं धावून सामन्याला सरासरी दोनशेहून जास्त यार्ड काढले. देशातली सर्वांत नावाजलेली बचावफळीची पोरं ज्या तुकडीत होती, त्या संघाला पळणारा माणूस अडवता येत नव्हता!

10 सप्टेंबर 2022

हंगामाच्या सुरुवातीला संघ देशात सहावा होता. दुसऱ्या सामन्यासाठी ॲपलेचियन स्टेटला बोलावलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातलं हे छोटं विद्यापीठ. मोठे संघ हंगामाच्या सुरुवातीला अशा छोट्यांना घरी बोलावतात, मानधन देतात, चार टचडाऊनने (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की एक टचडाऊन) हरवतात आणि वाटेला लावतात. मानधन होतं 15 लाख डॉलर. (याच ॲपलेचियन स्टेटने 2007 मध्ये मिशिगनला त्यांच्या घरी हरवलं होतं, तेव्हा पाहुणा निवडतानाच कुणीतरी विचार करायला हवा होता.)

निकाल 17-14, पाहुण्यांच्या बाजूने. पण निकालापेक्षा त्याखालचे आकडे बघा. साठ मिनिटांच्या खेळात पाहुण्यांकडे चेंडू एकेचाळीस मिनिटांहून जास्त होता. त्यांनी 82 चाली खेळल्या, ए अँड एमने 38. ए अँड एमच्या आक्रमणाने संपूर्ण सामन्यात काढले 186 यार्ड. दोन टचडाऊनपैकी एक तर आक्रमणाने केलाच नाही. डेव्हन एशेन नावाच्या चपळ गड्याने किक झेलून 95 यार्ड पळत तो एकट्याने आणला. शेवटी बरोबरी साधू शकणारी 47 यार्डांची किक हुकली, आणि उरलेला वेळ ॲपलेचियन स्टेटने चेंडू पोटाशी धरून सावकाश संपवला.

इथे खेळाडूंनी कच खाल्ली असं म्हणणं सोपं आहे. मला 38 हा आकडा खेळाडूंचा वाटत नाही. फिशर यांची आक्रमणाची पद्धत जुन्या व्यावसायिक वळणाची: लांबलचक सूचना, प्रत्येक चालीआधी घोळका, घड्याळ खाली येईपर्यंत वाट, रिसीव्हर आणि क्वार्टरबॅकने बचाव वाचून क्षणात एकाच निष्कर्षाला यायचं. चौथ्या वर्षाच्या माँडला ती जमत होती. पोरसवदा, दर काही आठवड्यांनी क्वार्टरबॅक बदलणाऱ्या संघाला ती झेपत नव्हती. देशभरातले बाकी संघ तोवर वेगवान, सोप्या, नव्या पोराला पहिल्या आठवड्यात कळेल अशा पद्धतीकडे वळले होते. फिशर चाली स्वतः ठरवत आणि ते काम सोडायला तयार नव्हते.

एकोणीस गुण

पुढे सलग सहा पराभव झाले. तरी मला इथे थोडं थांबून संघाची बाजू मांडायची आहे, कारण 5-7 हा आकडा जितका भयाण दिसतो तितका तो नाही.

सात पराभवांपैकी पाच सहा गुणांच्या आतले. ॲपलेचियन स्टेट तीन, अलाबामा चार, साउथ कॅरोलिना सहा, ओल मिस तीन, ऑबर्न तीन. बेरीज एकोणीस. अलाबामाच्या घरी 24-20 अशा सामन्यात शेवटची चाल दोन यार्डांच्या रेषेवरून होती. पास जमिनीवर पडला. तो झेलला असता तर सलग दुसऱ्या वर्षी सेबन हरले असते आणि फिशर यांच्यावर लेख वेगळेच आले असते. उलट आर्कान्सावरचा 23-21 विजय हाही नशिबाचाच. प्रतिस्पर्ध्याची किक खांबाच्या टोकाला लागून मागे आली. शेवटच्या सामन्यात याच संघाने पाचव्या क्रमांकाच्या एलएसयूला 38-23 असं लोळवलं. त्यात दुखापती, मध्येच संघात पसरलेला फ्लू, शिस्तभंगासाठी घरी बसवलेले काही नवखे. तीन उड्या इकडच्या तिकडे पडल्या असत्या तर 8-4 झालं असतं.

हा युक्तिवाद मी अर्धाच मानतो. काठावरचा एखादा सामना हरणं नशिबाचं, पण सामन्याला सरासरी 23 गुणसुद्धा न करणारा संघ आपले सामने काठावर स्वतःच नेऊन ठेवतो. जॉर्जिया किंवा अलाबामाच्या गुणी पोरांना शेवटच्या चालीपर्यंत खेचून न्यायची संधी प्रतिस्पर्ध्यांना दर आठवड्याला मिळत नाही, कारण तिसऱ्या सत्रातच सामना संपलेला असतो. गुणवत्तेचा फायदा मिळतो तो असा. ऑबर्नने तेव्हा प्रशिक्षक काढून टाकलेला, हंगामी माणूस संघ चालवत होता; त्यांच्याशीही 13-10. तिथे नशीब काय करणार?

त्याच वर्षी त्याच राज्यात, फोर्ट वर्थला, याच्या नेमकं उलटं घडत होतं. टीसीयूचा, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा, संघ आदल्या वर्षी 5-7 होता. नवे प्रशिक्षक सनी डाइक्स आले. क्वार्टरबॅक मॅक्स डगन चौथ्या वर्षाचा. हंगामाच्या सुरुवातीला त्याची जागा दुसऱ्याला दिली होती, तो जखमी झाला म्हणून डगन परत आला. ताऱ्यांच्या हिशोबात ए अँड एमच्या जवळपासही न फिरकणारा हा संघ काठावरचे सामने एकामागून एक जिंकत राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला. तिथे जॉर्जियाने त्यांना 65-7 असं चिरडलं.

ताऱ्यांवर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना टीसीयूचा हंगाम आपल्या सोयीने वापरता येतो. तारे झूट म्हणणारे अंतिम सामन्यापर्यंतचा प्रवास दाखवतात, तारेच सर्वस्व म्हणणारे 65-7 दाखवतात. मला दोन्ही एकत्रच बघावंसं वाटतं. मुरलेला, एकजिनसी संघ कमी गुणवत्तेतही पंधरापैकी तेरा सामने जिंकू शकतो. मुरलेला आणि गुणीही असलेला संघ समोर आला की त्याचं काही चालत नाही. जॉर्जियाने 2018 मध्ये देशातली पहिल्या क्रमांकाची तुकडी भरती केली होती आणि अजिंक्यपदं मिळवली 2021 आणि 2022 मध्ये. मधली वर्षं त्यांचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी त्याच पद्धतीच्या तुकड्यांवर तुकड्या रचल्या, नव्या पोरांना जुन्यांच्या मागे उभं केलं. ए अँड एमकडे एक सोनेरी तुकडी होती आणि तिच्या पुढे उभं राहायला वरच्या वर्गातली पुरेशी माणसं नव्हती. म्हणून पहिल्या वर्षाच्या पोरांना थेट आगीत टाकलं.

पीक दुसऱ्यांच्या खळ्यात

पूर्वी अशी तुकडी पहिल्या वर्षी चुकली तरी तिसऱ्या वर्षी हातात असायची. 2021 पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळायची परवानगी मिळाली आणि ती हमी गेली. तिसऱ्या वर्षी पहिल्या फेरीचा खेळाडू होईल म्हणून ज्याला फाइव्ह-स्टार म्हटलं, तो तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे असेलच असं राहिलं नाही. हॅरिस आणि मार्शल पहिल्याच हंगामानंतर गेले. 2023 नंतर एव्हन स्टुअर्ट ऑरेगनला, ओव्हर्टन थेट अलाबामाला आणि नोलन ओल मिसला. वायगमनला 2023 मध्ये पायाच्या दुखापतीने गाठलं. पुढच्या वर्षी त्याची जागा मार्सेल रीडने घेतली आणि वायगमन ह्यूस्टनला गेला.

एप्रिल 2025 च्या एनएफएल निवडीत नोलन सोळावा गेला, ॲरिझोनाकडे. लगेच पुढचा, सतरावा, शेमार स्टुअर्ट, सिनसिनाटीकडे. तारे देणाऱ्यांचा अंदाज या दोघांपुरता तंतोतंत खरा निघाला. नोलन पिकला तो ओल मिसच्या अंगणात. स्टुअर्ट तिन्ही वर्षं ए अँड एममध्ये राहिला आणि तीन वर्षांत त्याचे सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवं करणं, भरले साडेचार. एनएफएलने त्याच्या शरीराकडे आणि वेगाकडे बघून पैसे मोजले. एवढ्या वर्षांत त्यातून कामगिरी का निघाली नाही, हा प्रश्न संघालाही विचारायला हवा.

फिशर यांना 2022 नंतर चाली ठरवण्यासाठी बॉबी पेट्रिनो आणावे लागले. आक्रमण थोडं सुधारलं, निकाल नाही. अलाबामा, टेनेसी, ओल मिस, तिघांविरुद्धचे पराभव एका टचडाऊनच्या आतले. तोवर गावाचा धीर सुटला होता. आता 2021 च्या कराराचं खरं रूप दिसलं. हमी पूर्ण, आणि फिशर यांनी दुसरीकडे नोकरी धरली तरी रकमेतून छदाम कापता येणार नाही. 1 कोटी 92 लाख डॉलर साठ दिवसांत, मग वर्षाला 72 लाख, 2031 पर्यंत. क्रीडा संचालक रॉस बियोर्क यांना सांगावं लागलं की हा पैसा देणगीदारांचा आणि क्रीडा विभागाचा आहे, विद्यार्थ्यांच्या फीमधला नाही. कुवतीपेक्षा कमी कामगिरीचं एखादं प्रमाणपत्र द्यायचं झालं तर मी अठरा वर्षांच्या पोरांआधी ते या करारावर सह्या करणाऱ्यांना देईन. कराराने प्रशिक्षकाच्या डोक्यावरचा धाकच काढून घेतला. जी पद्धत चालत नव्हती ती आणखी दोन वर्षं चालवायला त्यांना कुणी हरकत घेऊ शकत नव्हतं.

नवे प्रशिक्षक म्हणून आले माइक एल्को. ते 2021 पर्यंत इथेच बचावफळी सांभाळत होते आणि मग ड्यूकचे मुख्य प्रशिक्षक झाले होते. 2022 ची बचावफळी कुणाच्या हातून निसटली होती याचं अर्धं उत्तर या नेमणुकीतच आहे. पहिल्या वर्षी 8-5. आधी 7-1, मग घसरण. दुसऱ्या वर्षी, 2025 मध्ये, त्यांनी पहिले अकरा सामने जिंकले. नोत्र दामला त्यांच्या घरात 41-40 असं हरवलं. साउथ कॅरोलिनाविरुद्ध मध्यंतराला 30-3 मागे असताना 31-30 असा सामना ओढून आणला. हे 2022 च्या संघाला स्वप्नातही जमलं नसतं. त्या संघाच्या आक्रमणाचा कणा क्वार्टरबॅक रीड आणि दुसऱ्या विद्यापीठांतून आणलेले के. सी. कॉन्सेप्शन आणि मारिओ क्रेव्हर हे रिसीव्हर. बचावात सर्वांत धोकादायक ठरला कॅशियस हॉवेल. तो बोलिंग ग्रीनसारख्या छोट्या विद्यापीठातून आला होता आणि शाळेत असताना त्याच्या दारात मोठे प्रशिक्षक रांग लावून उभे नव्हते.

शेवटच्या साखळी सामन्यात ऑस्टिनवाल्यांनी त्यांना हरवलं. तरी प्लेऑफ मिळालं, विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा, आणि पहिल्या फेरीचा सामना काइल फील्डवरच होता. मायामीने तो 10-3 असा जिंकला. बचावफळीने दहाच गुण दिले. आक्रमणाला घरच्या मैदानावर पूर्ण सामन्यात एकही टचडाऊन करता आला नाही.